आठवा धुरा

किती मारायचे हे ठरवण्यासाठी आधी थोडे मारून बघावे लागतात. माझ्या संशोधनाचं पहिलं वर्ष त्यातच गेलं. जमिनीत काठोकाठ पुरलेला प्लास्टिकचा ग्लास, त्यात चार बोटं मिठाचं पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. साबण असला की पाण्यावर तरंगता येत नाही, पडलेला जीव सरळ तळाशी जातो. तीन दिवसांनी ग्लास उचलायचा, अकोल्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणून चाळणीत ओतायचा आणि मेलेले मोजायचे. पहिल्या खेपेला चाळणीत मुंग्या, कोळी, शेणकिडे, एक गोम आणि चिचुंद्रीचं एक पिल्लू पडलं. ग्लासाच्या आतल्या बाजूला त्याच्या नखांच्या रेघा होत्या. काठापासून बोटभर खाली त्या थांबल्या होत्या. मी त्या रेघांचा फोटो काढला नाही. पिल्लाची लांबी मात्र मोजून वहीत लिहिली.

मला शोधायचं होतं ते एवढंच, की धुरा जाळला तर त्यावर राहणाऱ्या जिवांची वस्ती बदलते का. धुरा म्हणजे दोन वावरांमधली गवताची पट्टी. बाकी महाराष्ट्र तिला बांध म्हणतो. आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, लोक धुरे पेटवतात. तण जातं, साप जातात, वावर स्वच्छ दिसतं. बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाताना मे महिन्यात रुळांच्या दोन्ही बाजूंना काळ्या रेघा ओढलेल्या दिसतात, त्या ह्याच. एखाद्या जातीपुरता प्रश्न असता तर काम सोपं होतं. मला सगळी वस्ती हवी होती, कोण आहे, कोण नाही, कोण कोणापेक्षा जास्त. आणि शेजारी शेजारी गाडलेले दोन ग्लाससुद्धा त्याची दोन वेगळी उत्तरं देतात.

माझ्या मार्गदर्शक मॅडम अकोल्यातच, मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात राहायच्या. त्या वर्गात इंग्रजीत शिकवायच्या आणि रागावायच्या मात्र वऱ्हाडीत. मी अमरावतीच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. मला रागावलेलं कळायचं, उत्तर देता यायचं नाही.

"मॅडम, एका धुऱ्यावर सहाऐवजी दहा ग्लास गाडले तर?"

"शंभर गाड. धुरा एकच राहते न बाप्पा! एकाच घरातले शंभर लोक विचारले अन् म्हटलं गाव विचारलं, असं होते ते. ग्लास मोजू नको, धुरे मोज."

म्हणून मी धुरे मोजायला बसले. पहिल्या वर्षी तीन जळलेले आणि तीन न जळलेले धुरे घेतले होते. त्यांच्यातला फरक किती आणि एकाच प्रकारच्या धुऱ्यांमधला आपापसातला गोंधळ किती, हे त्यावरून कळलं. मग संगणकावर मी त्या आकड्यांतून खोटे धुरे बनवले आणि ते हजार वेळा जाळले. दर वेळी चार-चार, मग सहा-सहा, मग आठ-आठ. सहाला फरक दिसायचा, पण पुष्कळदा निसटायचा. आठला तो क्वचितच निसटत होता. प्रत्येक बाजूला आठ, एकूण सोळा धुरे. मॅडमनी आकडे तपासले, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "सातवर थांबायचं नाही. नंतर रडत यायचं नाही."

जळलेले आठ मला एका आठवड्यात मिळाले. न जळलेले शोधताना पावसाळा अर्धा सरला. कोणी म्हणायचं, आमी तं दरसाल जाळतो. कोणी म्हणायचं, तुमच्यासाठी नाई जाळत पुढच्या साली, या मंग. सप्टेंबरपर्यंत सात झाले होते.

आठवा बडनेऱ्याच्या पुढे एका गावात सापडला. मी स्कूटी थांबवून नुसती बघत राहिले. एरवी धुरा दोन हात रुंद असतो. हा इतका रुंद होता की त्यावरून बैलबंडी गेली असती. कमरेइतकं गवत, बोरी, रुई, हिवराची दोन झाडं, मधोमध वाळवीचं माझ्या छातीला लागेल एवढं वारूळ. कित्येक वर्षांत तिथे आग लागली नसणार, नांगराचं टोकही लागलं नसणार. एका बाजूला तूर होती, दुसऱ्या बाजूला सोयाबीन. तुरीत एक बाई निंदत होती. मी ओढणी नीट केली, दोनदा मनात वाक्य जुळवलं आणि गेले.

"काकू, ह्या धुऱ्यावर तीन दिवस ग्लास गाडू का? किडे पकडायचे आहेत."

तिने विळा थांबवला. "किडे? कायले?"

"मोजायला. कॉलेजचं काम आहे."

"माय वं!" ती हसायला लागली. "आमच्या घरी ये, पीठात लय हायेत. मोजजो अन् घेऊन जाजो."

मीही हसले. तिने हात हलवला, गाड म्हणाली. मी तिचं नाव विचारलं नाही, तिने माझं विचारलं नाही. पलीकडचं सोयाबीन कोणाचं हेही मी विचारलं नाही. माझ्या वहीत दर धुऱ्यासाठी एक छापील पान होतं: रुंदी, गवताची उंची, झाडं, शेवटची आग कधी. आग का नाही लागली, असा रकाना त्यात नव्हता.

हे मला कळायला हवं होतं. माझे वडील अमरावतीला दिवाणी वकील आहेत. आमच्या घरी जेवताना ज्या गोष्टी निघायच्या त्यांत कपाळ फुटलेलं असायचं, मनगट तुटलेलं असायचं, आणि कारण बहुधा तासभर जमीन, म्हणजे नांगराच्या एका ओळीइतकी. एकाने सख्ख्या चुलत्याचा कान दातांनी तोडला होता. तो कान कापडात बांधून अशिलाने बाबांच्या टेबलावर ठेवला होता. बाबा हे वरणभात कालवता कालवता सांगायचे. मी तेव्हा समोर पुस्तक उभं धरायची. मला वाटायचं, ही त्यांच्या कामाची भाषा आहे, माझ्या कामाशी तिचा काही संबंध नाही.

आठव्या धुऱ्यावर मी सगळं नीट केलं. टोपी, लांब बाह्यांचा शर्ट, गळ्यात जीपीएसचं यंत्र. पन्नास मीटरची फीत धुऱ्याच्या मधोमध अंथरली. दर दहा मीटरवर एक ग्लास, वर उन्हा-पावसाचं छप्पर म्हणून प्लास्टिकची ताटली. प्रत्येक ग्लासाजवळ बांबूच्या काडीला लाल कापड, त्यावर आकडा. गवतात चुकून कोणाचा पाय पडू नये म्हणून एका ग्लासापासून दुसऱ्यापर्यंत चुन्याची फक्की टाकली. बाकीच्या धुऱ्यांवर फक्की टाकली नव्हती. तिथे गवत एवढं दाट नव्हतं. काम झाल्यावर वळून पाहिलं तेव्हा हिरव्यातून जाणारी ती पांढरी सरळ रेघ मला आवडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ग्लास उचलायला गेले. पाच उचलून झाले होते. सहावा तुरीच्या काठाशी होता, मी त्याच्यासमोर उकिडवी बसले होते, आणि सोयाबीनच्या बाजूने कोणीतरी ओरडत येताना ऐकू आलं. पन्नाशीचा एक माणूस होता, हातात बैलबंडीची उभारी, म्हणजे बंडीच्या कडेला रोवतात तो मनगटाएवढा दांडा. तो मला बघून ओरडत नव्हता. धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, तुरीतून बाहेर येणाऱ्या एका माणसाला बघून ओरडत होता. दोघांची कपाळं सारखी होती, नाकं सारखी. भाऊ आहेत हे सांगावं लागलं नाही. धाकट्यामागे ती निंदणारी बाई येत होती.

"काहून बे! मोजणी आनली? कोर्टात केस हाय, जैसे थे हाय, अन् तू लपून मोजणी आनतं?"

"कायची मोजणी? म्या कोनाले आनलं?"

"हे झेंडे कोन गाडले मंग? हा चुना कोन टाकला? तुह्या बापानं?"

"माह्या बापाचं नाव काढू नोको. तुहाई थोच व्हता!"

"टोपीवाली बाई आलती यंत्र घेऊन. माह्या गड्यानं पाह्यली. तुह्या बायकोसंग हासून राह्यली व्हती!"

मी तोवर चार ओळी आत तुरीत गेले होते. कधी गेले ते आठवत नाही. हातात खुरपी होती. एक वाक्य पुरलं असतं: झेंडे माझे आहेत. मराठीतले तीन शब्द, कोणत्याही शाळेत शिकवावे लागत नाहीत असे. मी ते वाक्य मनात दोनदा जुळवलंसुद्धा.

पहिला फटका धाकट्याने हाताने अडवला. आवाज वाळलेल्या काडीचा नव्हता, ओल्या फांदीचा होता. त्याचा हात कोपरापुढे भलत्याच बाजूला वळला आणि तरी तो पुढे गेला, दुसऱ्या हाताने त्याने थोरल्याचा गळा धरला, डोक्याने त्याच्या तोंडावर मारलं. थोरल्याचे दोन दात त्याच्या शर्टावर पडले, मी ते पडताना पाहिले. दोघं वारुळावर कोसळले. उभारी पुन्हा वर गेली आणि खाली आली, खांद्यावर, बरगडीवर, कानावर. बाईने विळा फेकला, तो लागला नाही. मग तिने ढेकळं उचलून मारायला सुरुवात केली, एकामागून एक, नवऱ्याला लागतात की दिराला हे न बघता, आणि प्रत्येक ढेकळामागे एक शिवी. थोरला शेवटी उठला तेव्हा त्याने आधी भावाला नाही, माझ्या झेंड्यांना पाहिलं. एकेक उपटून गुडघ्यावर मोडला. सहावा ग्लास त्याने पायाने चिरडला.

तो गेला. बाई नवऱ्याला उठवून रस्त्याकडे नेऊ लागली. मी तुरीत बसून होते. फक्कीवर रक्त पडलं होतं आणि फुटलेल्या वारुळातून वाळवी बाहेर वाहत होती. वाळवीवर काळ्या मुंग्या आल्या, मग रक्तावरही आल्या. मी त्यांची जात ओळखली. हे लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला जे सुचलं ते हेच होतं.

दुपारी मॅडमचा फोन आला. "आठव्याचे किती मिळाले?"

"सहापैकी पाच," मी म्हटलं.

"चालते. पाच चालते."

त्या पाच ग्लासांत जेवढ्या जाती निघाल्या तेवढ्या दुसऱ्या कुठल्याही धुऱ्यावर निघाल्या नव्हत्या. दोन दिवस मी चिमट्याने कोळी वेगळे करत बसले. कोणाला काही बोलले नाही.

रविवारी दुपारी जेवताना बाबा म्हणाले, "काल बाररूममध्ये एक किस्सा ऐकला." आणि त्यांनी त्याच गावाचं नाव घेतलं. दोन भावांचा धुऱ्याचा दावा, अकरा वर्षांपासून. कोर्टाचा जैसे थे आदेश, धुऱ्याला कोणी हात लावायचा नाही. धाकट्याने म्हणे खाजगी मोजणीवाला आणून खुणा गाडल्या, चुना टाकला. थोरल्याने हात मोडला त्याचा. पण तक्रार आधी थोरल्याची नोंदली गेली. "आता धाकटाच अडकतो. कोर्टाचा आदेश मोडला म्हटल्यावर हात मोडल्याचं कोण ऐकतं? आत जाईल, आणि दावाही हातचा जाईल. गाढवपणा! अकरा वर्षं थांबला आणि आता चुना टाकला."

मी चमचा खाली ठेवला. "बाबा, चुना मी टाकला."

आई वाढता वाढता थांबली. बाबांनी मला पूर्ण ऐकून घेतलं. मग ते वडील राहिले नाहीत, वकील झाले.

"तुला कोणी पाहिलं?"

"धाकट्याच्या बायकोनं. आणि थोरल्याच्या गड्यानं, लांबून."

"नाव माहीत आहे त्यांना तुझं?"

"नाही."

"लेखी परवानगी?"

"नाही."

"मग तू तिथे नव्हतीस. ह्या भांडणात साक्षीदार झालेल्या माणसाचं काय होतं ते मी बघितलंय. तुझं नाव त्या कागदावर यायला नको. भात घे."

मी भात घेतला. खाल्लाही.

सोमवारी मी अकोल्याच्या गाडीत न बसता जिल्हा रुग्णालयात गेले. पुरुषांच्या वॉर्डात तो तिसऱ्या खाटेवर होता. हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, कानावर पट्टी, एक डोळा बंद. ती बाई खाली जमिनीवर बसली होती. मला बघून ती उठली नाही.

"आली का वं," ती म्हणाली. "मोजले किडे?"

मी खाटेच्या पायाशी जाऊन उभी राहिले.

"म्या पोलिसाले सांगतलं, एक बाई आलती, किडे पकडाले. थे हासते. म्हनते, किड्याची बाई? नाव सांग. मले तं नावच मालूम नाई! कोन्त्या कालेजची, मालूम नाई. मले वाटलं, पोट्टी हाय, कायले इचारू." ती नवऱ्याकडे वळली. "हे पाह्य. हेच थे. मले खोटी म्हनत व्हता न?"

त्याने उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. आवाज बारीक होता, पण शब्द साफ होते. "म्याडम, तुमी तुरीत व्हत्या. म्या पाह्यलं तुमाले. पयला दांडा बसला तवा म्या तुमच्याच इकडं पाहून राह्यलो व्हतो."

"मला..." मी म्हटलं.

"आता आत टाकतीन मले. हात तं गेलाच. तुमाले बोलाले काय झालं व्हतं?"

त्या वॉर्डातून मी मॅडमना फोन केला, कारण पोलिसात गेले तर काय होणार हे त्यांना आधी सांगणं भाग होतं. सोळापैकी चार धुरे, त्यांतले तीन न जळलेले, त्याच गावात आणि लगतच्या गावांत होते आणि तिथलं काम अजून संपलं नव्हतं. एकदा बातमी पसरली की ते हातचे जाणार. मॅडमनी आधी आकडाच विचारला.

"आठाचे किती राहतील?"

"पाच. कदाचित सहा."

"पाचात काही दिसत नाही, माहीत आहे तुला. आपणच हजार वेळा करून पाहिलं."

"हो मॅडम."

"मग मले काय विचारून राहिली?" त्या एकदम ओरडल्या. "माणसाचा हात तुटला अन् तू मले आठ-पाच सांगून राहिली? जा!"

पोलीस ठाण्यात जबाब घेणाऱ्या हवालदाराला मी वही दाखवली, ग्लासांचे फोटो दाखवले, यंत्रातल्या जागा आणि वेळा दाखवल्या. तो फोटो मोठे करून बघत होता. "इतके मारता तुमी? अन् गुन्हा नाही लागत?" शेजारचा हसला. मग त्याने लिहायला घेतलं आणि लिहून झाल्यावर कागद माझ्यापुढे सरकवला. हाताने लिहिलेलं मराठी मला सावकाश लागतं. मी बोट ठेवून वाचत गेले. मधे होतं: मी तुरीमध्ये दबा धरून बसले होते.

"हे बदला," मी म्हटलं. "दबा धरून नाही. मी घाबरून बसले होते."

"आता एवढ्यासाठी पूर्ण कागद लिहू? मतलब एकच होते न म्याडम."

"नाही होत. वेळ होता, बोलता येत होतं, घाबरून बोलले नाही. तसं लिहा."

त्याने पेन आपटला, नवा कागद घेतला. मी खाली सही केली, माझ्या नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत. बाबांना ते संध्याकाळपर्यंत कळलंच. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "जबाब वाचला. त्यात उलटतपासणीला जागा नाही." आणि कोट घालून निघून गेले.

पुढे झालं ते मी मॅडमना सांगितलं होतं तसंच. त्या गावांतले माझे धुरे दोन दिवसांत साफ झाले. एका ठिकाणी ग्लास विहिरीत फेकले होते. दुसऱ्या ठिकाणी झेंड्यांची होळी केली होती आणि एक म्हातारा मला हातवारे करून हाकलत होता. "चाल, नीघ! दुसऱ्याच्या घरात आग लावाले आली!" मी लांब उभी राहून त्याला विचारलं, बाबा, एवढंच सांगा, हा धुरा तुम्ही का जाळत नव्हता?

"कोन जाळते!" तो थुंकला. "जाळलं तं शेजारी म्हनते माह्या इकडचं जाळलं. नाई जाळलं तं म्हनते साप पाळून राह्यले. कुऱ्हाडी निघाल्या दोन खेपा. तवापासून कोनी पाय नाई ठेवत."

मग मी उरलेल्या न जळलेल्या धुऱ्यांवर गेले, एकेकाच्या दोन्ही बाजूंना गेले, आणि तेच विचारलं. एका ठिकाणी मालक नागपूरला होता. बाकी सगळीकडे भांडण होतं. कोर्टातलं, घरातलं, मेलेल्या काकांच्या वाटणीचं, पळून गेलेल्या सुनेचं. जिथे माणसं बोलत होती तिथे धुरे जळत होते. जिथे एकमेकांचं तोंड बघत नव्हती तिथे गवत वाढत होतं, बोरी फुटत होत्या, कोळी जाळी विणत होते.

हे सांगायला मी जुन्या शहरात मॅडमच्या घरी गेले. त्या भाजी निवडत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी मेथीची जुडी तशीच हातात धरून ठेवली.

"म्हणजे आपण आग मोजतच नव्हतो."

"नाही मॅडम. वैर मोजत होतो."

"कशात मोजशील ते? मीटरमध्ये?" त्या हसल्या नाहीत. "आठाचे ऐंशी केले असते तरी हेच आलं असतं. फक्त जास्त खात्रीनं चुकलो असतो. तुह्या त्या छापील पानात एक प्रश्न कमी होता, अन् मी पण सही केली त्यावर." मग जुडी परातीत टाकून म्हणाल्या, "पुन्हा कर. ह्या वेळेस एकाच मालकाच्या दोन्ही बाजूला वावर असेल तेच धुरे घे. दोन वर्षं जातील. जाऊ दे."

माझ्या जबाबानंतर थोरल्याची तक्रार उभी राहिली नाही. आता हात मोडल्याचं प्रकरण त्याच्यावर आलं, आणि मग दोन्हीकडचे सोयरे मधे पडले. दावा मागे, तक्रारी मागे, सरकारी मोजणी आणायची, खुणेचे दगड रोवायचे, आणि धुरा मोडून दोघांनी अर्धा अर्धा वहितीत घ्यायचा. धाकटा आत गेला नाही. तुरी निघाल्यावर, फेब्रुवारीत, त्या बाईचा मला फोन आला. माझा नंबर आता तिच्याकडे होता. "या म्याडम. धुरा मोडून राह्यले. पाहून घ्या."

मी गेले. दोन्ही वावरं मोकळी होती. धाकट्याचा हात बरा झाला होता, पण कोपरात पूर्ण सरळ होत नव्हता. थोरला त्याच्यापासून वीसेक पावलांवर उभा होता, पुढचे दोन दात नव्हते. माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "हेच काय थे मोजणीवाली?" आणि कोणाच्याच हसण्याची वाट न बघता तोंड फिरवलं. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. जे सांगायचं ते ट्रॅक्टरवाल्याला सांगत होते, आणि दोघं एकाच वेळी सांगत होते.

पहिल्या फेरीत बोरी आडव्या झाल्या. हिवर आधीच तोडले होते. दुसऱ्या फेरीत नांगराने वारूळ फोडलं; आत मुठीएवढ्या खोल्या होत्या, त्या उन्हात उघड्या पडल्या आणि पांढरी पिल्लं मातीत मिसळली. बगळे ट्रॅक्टरच्या इतके जवळ चालत होते की चाकाखाली येतील असं वाटत होतं. एक सरडा अर्धा चिरला गेला तरी पुढच्या दोन पायांवर ओढत निघाला, आणि कोतवाल पक्ष्याने तो उचलला. एक धामण फाळाखाली आली. पाच-सहा हात लांब असावी. तिचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही बराच वेळ वळवळत राहिले.

थोरला पुढे आला. त्याने काठीने एक तुकडा उचलला आणि नव्या दगडाच्या पलीकडे, भावाच्या वावरात फेकला. मग दुसरा. धाकट्याने ते पाहिलं. तो चालत गेला, वाकला, चांगल्या हाताने दोन्ही तुकडे एकदम धरले आणि परत फेकले. एक थोरल्याच्या पायाला लागला. ट्रॅक्टरवाल्याने गाडी थांबवली. थोरल्याने पुन्हा काठी घातली.

मी दगडापाशी उभी होते. बाई वावराच्या कडेला तीन दगडांच्या चुलीवर चहा करत होती. तिने त्या दोघांचं सगळं पाहिलं आणि पदराने पातेलं उतरवलं.

"इकडं या म्याडम," ती म्हणाली. "त्यायचं चालू द्या. चाय थंडा होते."